गुडघ्याखालच्या तीन धमन्या

अण्णा,

सांगलीच्या डॉक्टरांनी तुमच्या उजव्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत, तिथं माझं सगळं फिरलं. आईला वाटतं, तुमचा पाय कापला त्या दिवशी फिरलं. तुम्हाला बहुतेक वाटत असणार, मी कॉलेज सोडून दुकानात येऊन बसलो तेव्हा. तसं नाही. तुम्ही त्या उंच टेबलावर पाय सोडून बसला होता, टोपी मांडीवर, आणि डॉक्टर खाली स्टुलावर. त्यांनी बोटं पावलाच्या वरच्या अंगाला दाबली, मग आतल्या घोट्याच्या मागं नेली, मग गुडघ्याच्या मागच्या खोबणीत, आणि परत पावलावर आणली. मग मला म्हणाले, "इकडं ये. वडलांच्या पायाला हात लाव." पाय माठाच्या बुडासारखा गार होता. "आता स्वतःच्या पायाला लाव. इथं वर, अंगठ्याच्या रेषेत." मी वाकून चाचपलं तर कातड्याखाली टकटक लागली, नीट, जोरात. "लागलं? वडलांच्या पायात तिथं काही लागत नाही." तेवढ्यात तुम्ही हसून म्हणाला, "आवं डॉक्टरसाहेब, त्याचं वयच हाय ठोके पडायचं." डॉक्टर हसले नाहीत. माझ्या पायात ठोका होता आणि तुमच्या पायात नव्हता, पुढचं सगळं एवढ्यावर ठरलं, आणि ठरवताना मला कुणी विचारलं नाही.

तुमची पोटरी त्याच्या कितीतरी आधीपासून धरत होती, हे आम्हाला तिथं कळलं. दुकानातून घरी येताना साताऱ्याचा तो चढ. त्या चढाला तुम्ही थांबायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कॉलरी बघायचा. "ते बघ, कसली कॉलर बसवलीय. गळफास हाय नुसता." थोडं चालून परत थांबायचा. "त्याची पँट बघ, पोत्याला पाय फुटल्यागत." मला लाज वाटायची. वाटायचं, ह्या माणसाला आपल्या कामाची लय घमेंड आहे, सगळ्या साताऱ्याला कपडे घालायला आपणच शिकवलं असं समजून चालतोय. प्रत्यक्षात पोटरीत गोळा यायचा, जरा उभं राहिलं की जायचा, आणि तो लपवायला तुम्हाला लोकांची कापडं लागायची. पाय दुखतोय, एवढं म्हणायला काय झालं होतं? आई होती, मी होतो. पण तुम्ही पक्के शिंपी, सगळी शिवण आतल्या अंगाला.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी जांघेतून औषध सोडून फोटो काढला आणि ती काळी फिल्म खिडकीला धरली. मांडीतून एक जाड रेघ सरळ खाली येत होती. गुडघ्याच्या मागं पोचल्यावर तिच्या तीन व्हायला पाहिजेत, डॉक्टर सांगत होते. एक पुढच्या बाजूला येऊन नडगीच्या कडेनं उतरते आणि पावलाच्या वर येते, एक पोटरीच्या आतून घोट्याच्या मागं जाते, तिसरी बाहेरच्या बारीक हाडाला धरून राहते. गुडघ्याखालचं सगळं रक्त ह्या तिघींवर. तुमच्या फोटोत पुढची थोडी खाली येऊन संपत होती. मागची सुरू होऊन लगेच. तिसरी मध्येच दिसायची, मध्येच नाही. आणि त्यांच्या कडेनं स्प्रिंगसारख्या वेटोळ्या बारीक वाटा पडल्या होत्या, रक्तानं आपल्या आपण शोधलेल्या. तुम्ही डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "बॉबिन संपलंय की वो." डॉक्टर म्हणाले, "बिडीनं संपवलंय." तुम्ही विचारलं, "वरनं जोड देता येत न्हाई?" "जोडायला खाली टोक तर पाहिजे," डॉक्टर म्हणाले. कंबरेतून एक ऑपरेशन करू, बारीक वाहिन्या थोड्या सैल पडतील, पाय निभावेल. पण बिडी सुटली तर. एक जरी चालू राहिली तरी काही उपयोग नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही, तुमच्या डोळ्यांत बघून तुम्हालाच सांगितलं.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तुम्ही दुकानात त्या मोठ्या कात्रीवर हात ठेवून शपथ घेतली. दसऱ्याला जिची आपण पूजा करायचो, जिला आईनं हात लावलेलाही तुम्हाला चालत नव्हता, त्या कात्रीवर. मी विश्वास ठेवला. विसाव्या वर्षी मी कशावरही विश्वास ठेवत होतो. साताऱ्यात राहिलो तर मशीनवर बसेन म्हणून तुम्हीच मला मामाकडं सांगलीला धाडलं होतं. "तुझ्या बोटाला सुई लागू देणार न्हाई," हे तुमचंच वाक्य. सायन्सला घातलं तुम्ही. आणि मी तिथं काय शिकत होतो ते तुम्हाला माहीत नव्हतं.

ती कोरेगावची. माझ्याच वर्गात, सांगलीत मावशीकडं राहायला. शनिवारी-सोमवारी एकाच पॅसेंजरला असायचो, मी साताऱ्याला चढायचो आणि कोरेगाव येईपर्यंत तिच्यासाठी खिडकीची जागा अडवून भांडणं घ्यायचो. "तू चिडलास की तुझ्या कानाला आधी कळतं," ती म्हणायची, "लाल होतात." तुमच्या पायाचं सगळं मी पहिल्यांदा तिला सांगितलं, कृष्णेच्या घाटावर बसून. तिनं चप्पल काढली आणि स्वतःच्या पावलावर बोटं दाबत बसली. "मला सापडत नाही. दाखव कुठं लागतो." मी बोट ठेवलं. "हळू," ती म्हणाली, "दाबलंस की थांबतो." थोडा वेळ तसंच. मग तिला हसू आलं. "पायाला हात लावलास. आता आशीर्वाद देऊ काय?" अण्णा, मी तिला आयुष्यात एवढाच हात लावलाय. मी अजून सांगतो, तो ठोका माझ्या बोटाच्या टोकाला आहे, आणि ज्याला हसायचंय त्यानं हसावं.

नंतर एका शनिवारी दुकानात आलो तर ट्रायलच्या पडद्यावरून धूर येत होता. आत गिऱ्हाईक नव्हतं, तुम्ही होता.

"अण्णा, शपथ घेतलीया तुमी."

"एकच हाय. आन् पाय माझा हाय."

"तुमच्या एकट्याचा?"

"मग काय तुझ्या बापाचा हाय?"

"व्हय. बापाचाच हाय."

बाकावर बसलेले दोघं-तिघं खदखदून हसले, तुम्हीही हसला, आणि मला आणखी चेव आला. मी बिड्यांचं बंडल हिसकावून इस्त्रीच्या निखाऱ्यात कोंबलं. दुकानभर धूर. तुम्ही शांतपणे म्हणाला, "बघा, आता सगळ्यांनी मिळून ओढली." परत हशा. तुम्ही नेहमी असेच सुटायचा. माझ्या रागाची तुम्ही गोष्ट करायचा आणि ती बाकावरच्या लोकांना द्यायचा. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "अरं, हाताला चाळा पायजे माणसाला." हाताच्या चाळ्याला पाय दिला तुम्ही. पाय, आणि मागून मला.

त्या हिवाळ्यात पाऊल रात्रंदिवस गार पडायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लोकरीचे मोजे घाला, ऊब ठेवा, पण शेकू नका. ऊब आणि शेक ह्यात काय फरक, असं तुम्हाला वाटलं असणार. तुमच्यासारखा माणूस इस्त्रीची धग ओळखण्यात कधी चुकला नव्हता. टेरिकॉटला किती, लोकरीला किती, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन तुम्ही सांगायचा. सबंध आयुष्यात तुमच्या हातून एक कापड जळलं नव्हतं, आणि ह्याचाच घात झाला. तुम्ही पावलावर ओलं फडकं टाकलं, इस्त्री आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली, सोसतेय म्हटल्यावर फडक्यावरून हळूहळू फिरवली, कोटाची घडी बसवतात तशी. बरं वाटलं म्हणाला. दुसऱ्या दिवशी करंगळीपासून घोट्यापर्यंत फोड. मी मामाच्या घरून दवाखान्यात आलो तेव्हा डॉक्टर तुम्हाला नाही, मलाच झापत होते. "हाताला सोसतं, कारण हातात रक्त वाहतंय. ते धग घेऊन पुढं जातं. पायात धग घेऊन जायला कोण आहे? जिथं पडली तिथंच ती बसते." तुम्ही पडल्या पडल्या म्हणाला, "पर मी बघितलं हुतं वो लावून." एवढ्या केविलवाण्या आवाजात तुम्ही कधी बोलला नव्हता, आणि मला तुमची कीव यायच्या ऐवजी संताप आला. ती जखम भरली नाही. भरायला खाली काही येतच नव्हतं. आधी बोटं काळी पडली, मग पाऊल, आणि मग गुडघ्याखाली चार बोटं सोडून पाय गेला.

तुम्ही शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय बोलला ते आठवतं? पाण्याच्या आधी? "लग्नसराई तोंडावर हाय. कापडं येऊन पडल्यात. तू ये." मी म्हणालो, परीक्षा आहे. तुम्ही म्हणाला, "परीक्षा दरसाल असती." तिथंच, त्या कॉटपाशी, बाजूचे पेशंट ऐकत असताना, मी मोठमोठ्यानं सांगितलं की मला शिकायचंय, मला नोकरी पाहिजे, मला लग्न करायचंय आणि कुणाशी करायचंय. तिच्या वडलांचं नाव ऐकून तुम्ही डोळे मिटले. कोरेगावचे आडते, तुमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या लग्नातला कोट तुमच्या हातचा. "ते आपल्यात देणार न्हाईत," एवढंच म्हणाला. "आन् तू बीएस्सी होऊन आलास तरीबी शिंप्याचाच." मग कूस बदलायला गेला आणि नसलेल्या पायानं कळ मारली.

मी आलो. तिनं सांगलीच्या स्टेशनवर मला अडवलं होतं. "परीक्षेपुरता थांब. नंतर जा. मी घरी बोलते, पण तू हातात काहीतरी घेऊन ये." मी म्हणालो, माझ्या हातात कात्री आहे, चालत असेल तर बोल. कान लाल झाले असणार. गाडी हलल्यावर मी मागं बघितलं नाही. हा राग मला कुणी शिकवला नाही, तो माझाच. पण ज्या गाडीत मी बसलो तिचं तिकीट तुम्ही काढलं होतं.

मग तुम्ही एका पायावर मशीन शिकला. त्या मशीनच्या पायट्याला दोन्ही पाय लागतात, एक पुढं एक मागं. तुम्ही डाव्या पायानं दोन्ही कामं करायचा. थोडं शिवलं की आवाज थांबायचा, कारण आता ती पोटरी धरायला लागली होती. बिडी चालूच होती. आवाज थांबला की मला कळायचं, डाव्या पायातल्याही त्या तिघी आता मिटायला लागल्यात. बंडल हिसकवायला आता मी उठत नव्हतो. पँटा सगळ्या मीच करत होतो तोवर. हात बसला होता माझा. तुम्हीही एकदा आईला म्हणाला होता, पोराची बोटं माझ्यापरीस बारीक चालत्यात. मी पडवीतून ऐकलंय.

पुढच्या लग्नसराईत आडते दुकानात आले. नवरदेवाचा सूट मुलीच्या बापानं करायचा, आपल्याकडची रीत. त्यांनी कापड काउंटरवर टाकलं, गडद निळं, हाताला जड. "अण्णा, जावई साताऱ्याचाच हाय, बँकेत. माझा कोट तुमी केला, त्याचाबी तुमीच करायचा." मी काज करत बसलो होतो. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "करू की," म्हणाला. "कवा पायजे?" ते गेल्यावर मी विचारलं, दुसऱ्या कुणाकडं पाठवता आलं नसतं? "गिऱ्हाईक हाय," तुम्ही म्हणाला. मी कापड उचलायला गेलो तर ते ओढून घेतलं. "ह्याला तू हात लावायचा न्हाईस." आणि सबंध सूट तुम्ही एकट्यानं शिवला, त्या एका पायावर, थांबत थांबत. शेजारी मी इतरांच्या पँटा शिवत बसलो. दोन मशीनं चालू, आणि तुमचं बंद पडलं की माझा पायही आपोआप थांबायचा.

मग ट्रायलचा दिवस. तो आला, सासऱ्याबरोबर. माणूस वाईट नव्हता, तेच वाईट. आरशापुढं उभा राहिला, कोट बसला होता जन्मापासून घातल्यासारखा. राहिली पँटची उंची. खाली बसून, टाचण्या लावून, खडूनं खूण करायची. ते काम पाय गेल्यापासून दुकानात मी करत होतो, कारण तुम्हाला खाली बसता येत नव्हतं. मी स्टुलावरून उठणारच होतो, किंवा उठणार नव्हतो, मला सांगता येत नाही. तेवढ्यात तुम्ही कुबडी भिंतीला लावली आणि मशीनला धरून खाली सरकायला लागला. आडते म्हणाले, "आवं अण्णा, तुमी कशाला? पोरगा बसलाय की." तुम्ही टाचण्या ओठात धरून म्हणाला, "त्याचा हात अजून बसला न्हाई."

तिच्या बापासमोर, तिच्या नवऱ्यासमोर.

ह्या एका वाक्यावर मी तेव्हापासून अडकून पडलोय. मला त्याच्या पायाशी बसायला लागू नये म्हणून तुम्ही खोटं बोलला? की मी चिडून टाचणी खुपसेन, कापडाचं नुकसान करेन, ह्याची भीती वाटली? पहिलं असेल तर मला नको होती ती माया. त्यापेक्षा परीक्षेपुरतं थांबू दिलं असतं तर चाललं असतं. दुसरं असेल तर तुम्ही मला ओळखलंच नव्हतं. फरशीवर तुम्ही एका कुशीवर कलून बसला होता, पायजम्याचा रिकामा भाग मांडीखाली दुमडून, आणि त्या माणसाच्या पावलापाशी तुमचं डोकं. तो सारखा म्हणत होता, "काका, राहू द्या, चालेल तेवढं." मी उठलो नाही. आज परत तो दिवस आला तरी उठणार नाही. काम झाल्यावर उठायला त्यानं हात पुढं केला आणि तुम्ही तो धरला.

पुढच्या थंडीत डावं पाऊल गार पडलं, तेव्हा तुम्ही सांगलीला यायला नाही म्हणाला. डॉक्टरांना तोंड दाखवायचं नाही, म्हणाला. मी दोनदा रिक्षा दारात आणून परत पाठवली. शेवटी छातीनंच निकाल लावला, पायाची पाळी येईपर्यंत थांबली नाही. तुमच्या मागं दुकान मी चालवतो. आता मोटरचं मशीन आहे, पाय नुसता ठेवायचा असतो. हे सगळं पोस्टात टाकण्यासारखं नाही, आणि नदीला जाऊन पाण्यात सोडणाऱ्यातला मी नाही. तुमच्यावरचा राग मला लागतो, अण्णा. त्याच्यावर मी बरीच वर्षं काढलीत.

एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलंय. सूट न्यायला यायचे होते त्या दुपारी तुम्ही जेवून आतल्या चटईवर आडवे झाला होता. पँट तुम्हीच हातशिलाई करून, इस्त्री मारून ठेवली होती. मी दोन्ही पाय एकावर एक ठेवून बघितले. डावा अर्धं बोट तोकडा होता. कलून बसून खूण केली होती तुम्ही, तशी तीही कलली होती. कुणाच्या चटकन लक्षात आलं नसतं, पण तुमच्या आलं असतं, लग्नात, मांडवात, सगळ्यांसमोर. मी डाव्याची शिलाई उसवली, आत दुमडलेल्या जादा कापडाची माया सोडून तो उजव्याबरोबर केला आणि तुमच्यासारखेच टाके घातले, बाहेरून दोरा दिसू न देता. तिच्यासाठी नाही, त्याच्यासाठी तर नाहीच. निखारे फुंकून परत इस्त्री मारली. तुम्ही घोरत होता, उरलेला पाय भिंतीला टेकवून. मी पँट हँगरला लावली, तुमचा उसवलेला दोरा गोळा करून खिशात घातला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.